इंडियन प्रेअरी स्कूल डिस्ट्रिक्ट २०४ : कारभार, पैसा आणि निकाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल आणि ऑरोरा ही दोन मोठी उपनगरं आहेत. इथे घर शोधणारं मराठी कुटुंब पहिली चौकशी शाळेची करतं, आणि बहुतेक वेळा 'दहापैकी किती रेटिंग' एवढ्यावर ती थांबते. शाळा कोण चालवतं, आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचं काय होतं, निकालाचे आकडे कसे वाचायचे, हे प्रश्न पुढे चार-पाच वर्षांनी पडतात. तोवर टॅक्सची बरीच बिलं भरून झालेली असतात आणि शाळेच्या हद्दी बदलणारी एखादी सभाही होऊन गेलेली असते. हे प्रश्न आधीच पडावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं.

डिस्ट्रिक्ट २०४ म्हणजे नक्की काय?

इलिनॉय राज्यात (शिकागो याच राज्यात आहे) साडेआठशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येक स्वतंत्र स्थानिक संस्था आहे. प्रत्येकाची हद्द वेगळी, निवडून आलेलं बोर्ड वेगळं, टॅक्स लावण्याचा अधिकारही वेगळा. शिकागो शहराचा अपवाद सोडला तर नगरपालिका किंवा महापौर यांचा शाळांवर अधिकार चालत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा जिल्हा परिषद चालवते, महापालिकेच्या महापालिका. इथे शाळांसाठी वेगळीच संस्था असते आणि तिला शाळांखेरीज दुसरं काम नसतं.

२०४ ची स्थापना १९७२ साली ग्रँगर आणि व्हीटलँड या दोन छोट्या ग्रामीण डिस्ट्रिक्टांच्या विलीनीकरणातून झाली. तेव्हा इथे मका आणि सोयाबीनची शेतं होती. पहिलं हायस्कूल, वॉबॉन्सी व्हॅली, १९७५ मध्ये सुरू झालं. नव्वदच्या दशकात घरांच्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या, तेव्हा १९९७ मध्ये न्यूक्वा व्हॅली आणि २००९ मध्ये मटीआ व्हॅली ही हायस्कूलं आली. आज बालवाडीपासून बारावीपर्यंत सुमारे पंचवीस हजार मुलं इथे शिकतात. राज्यातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टांमध्ये त्याची गणना होते.

घर नेपरव्हिलमध्ये घेतलं की मुलं २०४ मध्येच जाणार ना?

नाही, आणि इथे फसगत होते. नेपरव्हिल शहराचा मध्य आणि बराचसा पूर्व-उत्तर भाग डिस्ट्रिक्ट २०३ मध्ये येतो, पश्चिम आणि दक्षिणेचा मोठा भाग २०४ मध्ये, आणि दक्षिणेकडचा काही भाग प्लेनफिल्डच्या २०२ मध्ये. उलट ऑरोरा असा पत्ता असलेली कित्येक घरं २०४ मध्ये आहेत. टपालाच्या पत्त्यावरून किंवा पिनकोडवरून डिस्ट्रिक्ट ठरत नाही.

घर पाहताना दोन गोष्टी डिस्ट्रिक्टकडून खात्री करून घ्या: डिस्ट्रिक्ट कोणतं, आणि त्या पत्त्याला नेमून दिलेली प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल कोणती. घर विकणाऱ्याच्या जाहिरातीवर विसंबू नका. नेमून दिलेली शाळाही कायमची नसते, कारण पटसंख्या सरकली की बोर्ड हद्दी पुन्हा आखू शकतं.

भाड्याने राहणाऱ्यांच्या मुलांचा हक्क घरमालकाच्या मुलांइतकाच असतो. राहत असल्याचे पुरावे लागतात, व्हिसा विचारला जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात सांगितलं आहे की कायदेशीर दर्जाच्या कारणावरून मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही.

शाळा चालवतं कोण?

सात जणांचं निवडून आलेलं बोर्ड. मुदत चार वर्षं, पगार शून्य. निवडणूक विषम वर्षातल्या एप्रिलमध्ये होते आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. उमेदवार अमेरिकी नागरिक, किमान १८ वर्षांचा, नोंदणीकृत मतदार आणि डिस्ट्रिक्टमध्ये किमान वर्षभर राहिलेला असावा लागतो. अर्जाला पन्नास मतदारांच्या सह्या पुरतात.

बोर्ड सुपरिंटेंडंटची नेमणूक करतं आणि रोजचा कारभार सुपरिंटेंडंट बघतो. शिक्षक नेमणं, मुख्याध्यापक ठरवणं, अर्थसंकल्पाचा मसुदा करणं हे सगळं त्याच्या कार्यालयातून होतं आणि मंजुरीसाठी बोर्डापुढे येतं. एकट्या बोर्ड सदस्याला काहीच अधिकार नसतो. तो कुणाच्या वर्गात जाऊन शिक्षकाला आदेश देऊ शकत नाही. अधिकार आहे तो सात जणांनी सभेत केलेल्या मतदानाला. ओळखीच्या सदस्याला फोन करून काम होईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

बोर्डाच्या हातात काय असतं आणि काय नसतं?

हातात असतं ते असं: दरवर्षीचा अर्थसंकल्प, टॅक्सची मागणी, शिक्षक संघटनेबरोबरचा करार, शाळांच्या हद्दी, सुट्ट्यांचं वेळापत्रक, पाठ्यपुस्तकं, नवी इमारत, जुनी शाळा बंद करणं.

परीक्षा कोणती घ्यायची, हायस्कूल पूर्ण करायला किमान किती विषय, शिक्षकाला परवाना कसा मिळतो, हे राज्य ठरवतं. काही विषय शिकवणं राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे २०२१ चा टीच कायदा. आशियाई अमेरिकनांचा इतिहास सरकारी शाळांत शिकवणं सक्तीचं करणारं इलिनॉय हे पहिलं राज्य ठरलं. त्या आशियाई इतिहासात दक्षिण आशियाई लोक किती दिसतात, हे मात्र प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहे आणि तिथे पालकांना बोलता येतं.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मत नाही. मग आमचं कोण ऐकणार?

मत नसलं तरी आवाज आहे. इलिनॉयच्या ओपन मीटिंग्ज कायद्याप्रमाणे बोर्डाच्या सभा जनतेसाठी खुल्या असतात, विषयपत्रिका किमान ४८ तास आधी लावावी लागते आणि प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. बोलणाऱ्याचं नागरिकत्व कुणी विचारत नाही. सभा ऑरोरातल्या क्राउस एज्युकेशन सेंटरमध्ये होतात. बंद दाराआड चर्चा करता येते ती कर्मचाऱ्यांचे प्रश्न, जमीनखरेदी, कोर्टकचेरी, एखाद्या विद्यार्थ्यावरची शिस्तभंगाची कारवाई अशा ठराविक विषयांवर, पण अंतिम मतदान सर्वांसमोरच करावं लागतं.

कागदपत्रं मागण्याचा अधिकारही नागरिकांपुरता नाही. माहितीच्या कायद्याखाली कुणीही लेखी मागणी करू शकतं आणि डिस्ट्रिक्टला कामकाजाच्या पाच दिवसांत उत्तर द्यावं लागतं (मुदत वाढवून घेण्याची तरतूद आहे).

एक सावधगिरी फार महत्त्वाची. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक नसाल तर तिथे चुकूनही होकार देऊ नका, आणि घरी मतदार कार्ड आलं तरी मत देऊ नका. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही हे लागू आहे. त्याचे परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत पोचतात.

आणि ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती: एप्रिलच्या निवडणुकीला जा. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षासाठी रांगा लागतात, एप्रिलमध्ये मतदान केंद्रं ओस पडलेली असतात. शेकडो डॉलरांचा फरक पाडणारी माणसं त्या ओस केंद्रांतून निवडून येतात.

पैसा कुठून येतो?

मुख्यतः तुमच्या घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून. २०४ च्या उत्पन्नाचा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग स्थानिक आहे. त्यानंतर राज्याचा वाटा. केंद्राचा वाटा सगळ्यांत लहान, आणि तोही बराचसा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेला.

राज्याच्या पैशांचं गणित २०१७ मध्ये बदललं. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला 'पुरेसं' शिक्षण द्यायला किती खर्च यावा याचा आकडा काढला जातो. त्यात वर्गातली मुलं, समुपदेशक, इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षण असं सगळं धरलं जातं. मग तिथले रहिवासी स्वतः किती भार उचलू शकतात ते पाहिलं जातं. ज्यांची दरी सर्वांत मोठी, त्यांना नवा पैसा सर्वांत जास्त. त्यासाठी डिस्ट्रिक्टांच्या पहिली ते चौथी अशा पायऱ्या केल्या आहेत. आधी मिळत असलेली रक्कम मात्र कुणाचीही कमी होत नाही. दरवर्षी किमान ३५ कोटी डॉलर नवे घालायचे असं कायद्यात लिहिलं आहे.

नेपरव्हिलसारख्या सधन उपनगराला यातून मोठी वाढ मिळत नाही. मला हे योग्यच वाटतं. शिकागोच्या दक्षिणेकडच्या किंवा राज्याच्या दक्षिण टोकाच्या गरीब गावात टॅक्सचा दर आपल्यापेक्षा चढा असूनही शाळेत पैसा कमी असतो, कारण तिथल्या घरांना किंमतच नाही.

टॅक्सच्या बिलातला शाळेचा हिशेब कसा वाचायचा?

समजा घराची बाजारभावाने किंमत ६ लाख डॉलर. इलिनॉयमध्ये (शिकागोचं कुक काउंटी वगळता; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) करासाठी किंमत त्याच्या एक तृतीयांश धरतात, म्हणजे २ लाख. त्यातून राहत्या घराची सूट वजा होते. कुकला लागून असलेल्या काउंट्यांत ती ८,००० डॉलर आहे. उरले १,९२,०००. शाळेचा दर दर शंभरामागे ५ डॉलर धरला (हिशेबापुरता धरलेला आकडा, खरा दर बिलावर बघा) तर शाळेसाठी ९,६०० डॉलर. बाकीचे शहर, काउंटी, वाचनालय, पार्क डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज यांचे. बिलावर प्रत्येकाची वेगळी ओळ असते आणि सर्वांत मोठी ओळ शाळेचीच असते.

बिल एक वर्ष मागे चालतं. यंदा भरता तो गेल्या वर्षीचा टॅक्स. ड्युपेज काउंटीत तो साधारण जून आणि सप्टेंबरमध्ये दोन हप्त्यांत भरतात. नवं घर घेतलेल्यांना दुसऱ्या वर्षी धक्का बसतो तो बहुधा यामुळे: पहिलं बिल रिकाम्या प्लॉटचं किंवा अर्धवट घराचं असतं.

घरांच्या किमती वाढल्या की शाळेलाही तेवढा जास्त पैसा मिळतो का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिस्ट्रिक्ट दर ठरवत नाही. ते एकूण रक्कम मागतं, तिला लेव्ही म्हणतात. काउंटी ती रक्कम सगळ्या मालमत्तांवर वाटते आणि त्या भागाकारातून दर निघतो. सगळ्यांच्या घरांची किंमत सारख्याच प्रमाणात वाढली तर दर खाली येतो आणि शाळेच्या हाती पडणारी रक्कम तीच राहते.

ती रक्कम किती वाढू शकते यावर शिकागोभोवतीच्या काउंट्यांत १९९१ पासून मर्यादा आहे. महागाईचा दर किंवा ५ टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढीच वाढ. नव्या बांधकामाला ही मर्यादा लागू नाही, ती भर वेगळी. आता या मर्यादेचा परिणाम बघा. डिसेंबर २०२१ मध्ये महागाई ७ टक्के होती, डिसेंबर २०२२ मध्ये ६.५ टक्के. शाळेला दोन्ही वेळा ५ टक्क्यांवरच थांबावं लागलं. बसचं डिझेल, कर्मचाऱ्यांचा विमा, गॅसचं बिल यांना अशी मर्यादा नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये महागाई ३.४ टक्क्यांवर आली तेव्हा वाढही तेवढ्यावरच आली. एकदा मागे पडलेलं अंतर पुढच्या वर्षी भरून काढता येत नाही. नव्वदच्या दशकात हे जाणवलं नाही, कारण नवी घरं रोज उभी राहत होती. आता मोकळी जमीन फारशी उरलेली नाही.

लेव्ही डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत काउंटीकडे द्यावी लागते. मागणी आधीच्या वर्षापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक वाढत असेल तर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. माझ्या मते वर्षातली सर्वांत महत्त्वाची सभा हीच, आणि तिला खुर्च्या सर्वांत रिकाम्या असतात.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. घराच्या मूल्यांकनाविरुद्ध अपील करून तुमचं बिल कमी झालं तर शाळेचा पैसा सहसा कमी होत नाही. तुमचा वाटा इतरांवर जातो. अपील जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. शाळेचं नुकसान होईल या भीतीने थांबायचं कारण नाही.

२०२४ च्या रेफरेंडमचे (म्हणजे मतदारांच्या थेट कौलाचे) ४२ कोटी डॉलर कशासाठी?

इमारतींसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ४२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९७०, ८० आणि ९० च्या दशकांत भराभर बांधलेल्या शाळा एकदमच म्हाताऱ्या होतात: छपरं, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, सुरक्षित प्रवेशद्वारं, जुन्या प्रयोगशाळा.

प्रचारात 'टॅक्सचा दर वाढणार नाही' असं सांगितलं गेलं. जुन्या बांधकामांची कर्जं फिटत आली होती, त्यांच्या जागी नवी येणार होती, म्हणून ते खरं होतं. पण मतदारांनी नकार दिला असता तर जुनं कर्ज फिटल्यावर बिल थोडं उतरलं असतं, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजू समजून मत द्यावं. मी स्वतः अशा खर्चाच्या बाजूची आहे. गळक्या छपराची दुरुस्ती पुढे ढकलून कुणाचेही पैसे वाचलेले नाहीत.

एवढे कोटी मिळाले, तरी शिक्षक कमी करण्याची भाषा का होते?

कारण हा पैसा वेगळ्या खात्यात असतो. इलिनॉयमध्ये शिक्षण, इमारत देखभाल, वाहतूक, कर्जफेड असे वेगवेगळे निधी ठेवावे लागतात. इमारतीसाठी घेतलेल्या कर्जातून पगार देता येत नाहीत. पगार चालतात ते वर सांगितलेल्या मर्यादेतल्या लेव्हीतून, आणि पगार-भत्ते हाच अर्थसंकल्पाचा सर्वांत मोठा भाग असतो. छप्पर नवं आणि त्याखाली एका वर्गात चार मुलं जास्त, असं एकाच वर्षी होऊ शकतं.

मटीआ व्हॅलीच्या जागेचा वाद काय होता? जुने रहिवासी अजून त्याबद्दल बोलतात.

बोलतात, आणि बोर्डाचा कारभार समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

वॉबॉन्सी आणि न्यूक्वा ही दोन्ही हायस्कूलं भरली होती. आधीचा एक प्रस्ताव मतदारांनी नाकारला होता. २००६ मध्ये तिसऱ्या हायस्कूलसाठी १२ कोटी ४७ लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले. प्रचाराच्या वेळी डोळ्यांपुढे होती ती ब्राक-ब्रोडी नावाची जागा, आणि त्या जागेभोवतीच नव्या हद्दींचे नकाशे काढले होते. भाव जमेना म्हणून डिस्ट्रिक्टने जमीन सक्तीने घेण्याचा खटला चालवला. २००७ मध्ये ज्युरीने एकरी ५ लाख डॉलरहून जास्त किंमत ठरवली, डिस्ट्रिक्टच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. बोर्डाने ती जागा सोडली आणि उत्तरेला ऑरोरात इओला रोडवरची जागा घेतली.

आता शाळा दुसरीकडे गेली म्हणजे हद्दीही बदलल्या. शेजारच्या हायस्कूलसमोर राहणारी मुलं दूर जाणार, असं कळल्यावर दक्षिणेकडच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली. 'आम्ही मत दिलं ते त्या जागेसाठी' हा त्यांचा मुद्दा. पण मतपत्रिकेवरच्या मजकुरात जागेचं बंधन नव्हतं, आणि शाळा इओला रोडवरच झाली. ऑगस्ट २००९ मध्ये मटीआ सुरू झाली.

शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता, असं त्या काळातले लोक सांगतात. मला त्यांचा राग समजतो, पण ज्युरीच्या निकालानंतर बोर्डापुढे दुसरा शहाणा मार्ग होता असं वाटत नाही. वाचकाने घ्यायचं ते एवढंच की रेफरेंडमच्या वेळी प्रचाराचं पत्रक बाजूला ठेवून मतपत्रिकेवरचा नेमका मजकूर वाचावा. बांधील असतो तो तोच.

शाळांची कामगिरी खरंच चांगली आहे का?

हो. चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण गेली अनेक वर्षं ९५ टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे आणि राज्याच्या परीक्षांत डिस्ट्रिक्ट राज्याच्या सरासरीच्या बरंच वर असतं.

आकडे पाहायचे ते इलिनॉय रिपोर्ट कार्डवर. राज्य दर शरद ऋतूत ते प्रसिद्ध करतं. तिसरी ते आठवीसाठी राज्याची परीक्षा असते. हायस्कूलसाठी २०१७ पासून एसएटी ही कॉलेजप्रवेशासाठीही चालणारी परीक्षा होती, २०२५ च्या वसंतापासून तिच्या जागी तशीच एसीटी आली. त्याच वर्षी राज्याने 'प्रवीण' कुणाला म्हणायचं याच्या गुणरेषाही बदलल्या. त्यामुळे २०२४ आणि २०२५ ची टक्केवारी शेजारी ठेवून 'शाळा सुधारली' किंवा 'घसरली' असं म्हणणं चूक आहे. व्हॉट्सॲपवर असे तक्ते फिरतात, पुढे पाठवू नका.

प्रत्येक शाळेला एक शेराही मिळतो. वरच्या १० टक्क्यांतल्या शाळेला 'एक्झेम्प्लरी', त्याखाली 'कमेंडेबल'. एखाद्या गटाची, उदाहरणार्थ विशेष गरजा असलेल्या मुलांची, स्थिती फार खालावली असेल तर सरासरी उत्तम असूनही शाळेला 'टार्गेटेड' शेरा मिळतो. तो शेरा पाहून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. सरासरीमागे कोण मागे राहतंय ते तो दाखवतो.

मग घर घेताना रेटिंगवर विश्वास ठेवायचा की नाही?

थोडाच. परीक्षेतल्या गुणांची सरासरी बऱ्याच अंशी घरचं उत्पन्न आणि आई-वडिलांचं शिक्षण यांच्यामागे चालते. ज्या वसाहतीत दर दुसऱ्या घरात इंजिनिअर राहतो तिथल्या शाळेचा आकडा मोठा येणारच. शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रिपोर्ट कार्डवर 'ग्रोथ' बघा: सारख्याच पातळीवरून सुरुवात केलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती सरकली. पन्नास म्हणजे मध्यम. सातची शाळा ग्रोथमध्ये दहाच्या शाळेपुढे असू शकते.

आणि 'फाइव्ह इसेन्शियल्स' या सर्वेक्षणाचे निकाल वाचा. शिक्षकांचा एकमेकांवर विश्वास आहे का, मुलांना शाळेत सुरक्षित वाटतं का, हे त्यात विचारलेलं असतं.

इथे मला थांबून एक बोलायचं आहे. आपल्या मुलांवर या डिस्ट्रिक्टमध्ये ताण फार आहे, आणि त्यातला बराचसा आपण घरून देतो. कोण किती ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतंय, कुणाला एसीटीत किती, याची चर्चा गणपतीच्या आरतीनंतरही थांबत नाही. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२२ पासून विद्यार्थ्याला मानसिक स्वास्थ्यासाठी वर्षातून पाच दिवसांपर्यंत सुट्टी घेता येते, डॉक्टरांचं पत्र लागत नाही. ही सुट्टी घेतली तर मूल मागे पडेल असं समजू नका. मूल मागत असेल तर द्या, आणि शाळेच्या समुपदेशकाशी बोला.

डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात गेलो तर चालतं का?

वर्षातले १० टक्के दिवस गैरहजर राहिलेलं मूल राज्याच्या हिशेबात 'दीर्घ गैरहजर' ठरतं. पूर्वपरवानगी असली तरीही ते दिवस मोजले जातात. शाळेचं वर्ष साधारण १७६ दिवसांचं, म्हणजे सुमारे १८ दिवस. सुट्टीच्या दोन आठवड्यांना जोडून अडीच-तीन आठवडे आणखी घेतले आणि वर्षभरात थोडंफार आजारपण आलं की आकडा ओलांडला जातो. ही गैरहजेरी शाळेच्या रिपोर्ट कार्डातही धरली जाते. आजी-आजोबांना भेटायला जावंच, पण जमलं तर उन्हाळ्यात. लग्नकार्यासाठी हिवाळ्यातच जाणं भाग असेल तर शाळेला आधी लेखी कळवा.

नोंदणीच्या अर्जात घरची भाषा 'मराठी' लिहावी की 'इंग्रजी'?

खरी असेल ती लिहा. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ती जमली तर पुढे काहीच होत नाही. नाही जमली तर त्याला इंग्रजीसाठी जादा मदत मिळते, आणि तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. एका शाळेत एकाच भाषेची वीस किंवा जास्त अशी मुलं असतील तर त्या भाषेतून आधार देणारा कार्यक्रम उभारावा लागतो, कमी असतील तर वेगळ्या स्वरूपाची मदत. ही सेवा नको असेल तर पालक लेखी नाकारू शकतात.

'मुलाला मागच्या वर्गात बसवतील' या भीतीने पुष्कळ जण इंग्रजी लिहून मोकळे होतात. नुकतंच पुण्याहून आलेलं सहा वर्षांचं मूल वर्गात गप्प बसून राहतं तेव्हा त्याला हवी असलेली मदत आपणच अर्जावर खोडलेली असते.

तक्रार असेल तर कुणाकडे जायचं?

आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग डिस्ट्रिक्टचं कार्यालय, आणि धोरणाचा प्रश्न असेल तर बोर्ड. पायरी सोडून गेलात तर परत पाठवतात. सगळं ईमेलवर, तारखेसह. विशेष शिक्षणाचा विषय असेल तर मूल्यमापनाची मागणी लेखीच करा, कारण पुढच्या मुदती लेखी मागणीपासून मोजल्या जातात.

ऑरोरातली इम्सा ही २०४ चीच शाळा का?

नाही. इलिनॉय मॅथेमॅटिक्स अँड सायन्स अकॅडमी ही १९८५ मध्ये स्थापन झालेली राज्याची निवासी सरकारी शाळा आहे, दहावी ते बारावीसाठी. राज्यभरातून अर्ज येतात आणि तिचं बोर्ड वेगळं आहे. २०४ मध्ये राहण्याने प्रवेशात वेगळी सोय होत नाही.

रविवारच्या मराठी शाळेचा हायस्कूलमध्ये काही उपयोग होतो का?

होऊ शकतो. इलिनॉयमध्ये २०१३ पासून 'सील ऑफ बायलिटरसी' आहे. इंग्रजीबरोबर दुसऱ्या एखाद्या भाषेत ठरलेली पातळी गाठली की हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर त्याची नोंद होते, आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत तिच्या आधारे भाषेचं क्रेडिट मागता येतं. लिहिणं-वाचणंही तपासलं जातं, नुसतं बोलून भागत नाही. घरी आजीशी मराठीत बोलणाऱ्या पण देवनागरी न वाचणाऱ्या मुलांची अडचण नेमकी इथे होते, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांचा फायदाही इथेच. मराठीची चाचणी कोणती आणि कधी, हे समुपदेशकाला नववीतच विचारा. बारावीच्या वसंतात विचारलं तर तयारीला वेळ उरत नाही.